रजेवर गेलेला बिगुलवाला

आमच्या घरात बाहुल्या नव्हत्या, शिपाई होते. शिशाचे, बोटभर उंचीचे, कुणी लाल डगल्यातले, कुणी खाकीतले. मूळचे ते माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे. तो फौजेत भरती झाला आणि फळीसकट सगळे माझ्याकडे आले, तेव्हा मी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, "पोरीच्या जातीला भातुकली द्यावी आवं, ह्ये कसलं खेळणं?" आई शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "खेळणं न्हाई ते. तिची पलटण हाय ती." आईला त्या शिपायांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण मला बाहेरच्यानं बोललेलं तिला खपायचं नाही.

वडील मला आठवतच नाहीत, इतक्या लवकर गेले. उंब्रजच्या बाजूचं गाव सोडून आई आम्हा दोघांना घेऊन साताऱ्यात आली आणि ब्लाउज शिवून तिनं आम्हाला वाढवलं. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, खाट आणि भिंतीवर ती फळी. आतल्या खोलीत चूल आणि देवघर.

असे शिपाई जमवणारी पाचसहा माणसं तेव्हा साताऱ्यात होती. लोकांना ते खूळ वाटायचं, आणि खूळ होतंच. महाबळेश्वर-पाचगणीचे साहेबलोकांचे बंगले रिकामे झाले, तेव्हा त्यांच्या सामानातून हे शिपाई खाली आले आणि जुन्या बाजारात बिजागऱ्या, दिव्यांच्या काचा, काटेचमचे यांच्या ढिगात पडून राहिले. ते शोधून काढायचे, धुवायचे, रंगवायचे, आणि रविवारी सुभेदारकाकांच्या ओसरीवर पाट मांडून एकमेकांना दाखवायचे, एवढाच आमचा उद्योग. सुभेदारकाका मेढ्याकडचे, पेन्शनीत निघालेले. शिपायाच्या पट्ट्याचा रंग चुकला तर ते रंगवणाऱ्याकडे असं बघायचे, की त्यानं जणू देशाचं वाटोळं केलंय.

सांगलीहून महिन्यातून एकदा एसटीनं अण्णा यायचे. अण्णा हळदीचे व्यापारी, जैन. पिवळट नखं, पांढरी टोपी, आणि अंगाला कायम हळदीचा वास. त्यांच्याकडचे शिपाई सगळ्यात देखणे. पण गोळी झाडणारा एकही नाही. नेम धरलेला, संगीन रोखलेला त्यांना फुकट दिला तरी घ्यायचे नाहीत. बँडवाले, झेंडेवाले, आचारी, जखमींना झोळीतून नेणारे, असेच ते जमवायचे. "अण्णा, असल्या पलटणीनं लढाई कशी जिंकायची वो?" असं सुभेदारकाकांनी चिडवलं, की अण्णा म्हणायचे, "जेवायला घालून."

पलटणीचे नियम होते, आणि ते फौजेतल्यासारखे कडक होते. शिपायांची अदलाबदल केली, तर ती 'बदली'. मोडलेला शिपाई नीट केला, तर तो 'दवाखान्यात' होता असं सगळ्यांना सांगायचं, लपवायचं नाही. आणि कुणी कुणाचा शिपाई थोडे दिवस घरी नेला, तर तो 'रजेवर'. रजेवर गेलेल्याची फळीवरची जागा मोकळी ठेवायची, तिथं दुसरा उभा करायचा नाही. परत आणल्यावर ज्यानं नेला त्यानंच, स्वतःच्या हातानं, तो जागेवर ठेवायचा. म्हणजे रंग उडालाय का, पाय वाकलाय का, हे समोरासमोर दिसतं. मागून तक्रार नको. साधा व्यवहार होता. मला मात्र तो मंत्रासारखा पाठ होता.

दादाचा जीव अण्णांच्या बिगुलवाल्यावर होता. अण्णांकडे एकाच साच्यातले दोन बिगुलवाले होते, लाल डगला, काळी टोपी, गाल फुगवलेले. बरेच महिने मागे लागून दादानं त्यातला एक बदलीत मिळवला आणि झोळीवाल्यांची जोडी अण्णांना दिली. घरी आणला त्याच दिवशी तो त्याच्या हातातून शहाबादी फरशीवर पडला. घोट्यातून पाय तुटला. दादा तेव्हा मिसरूड फुटलेला मुलगा, पण रडवेला झाला. अण्णांना काय तोंड दाखवू, असं एकच चाललं होतं. मग त्यानं आईच्या डब्यातली बारीक सुई घेतली, पकडीनं तिचा तुकडा केला, दोन्ही बाजूंनी शिशाला भोक पाडून तो तुकडा हाडासारखा आत बसवला, वरून डिंक आणि रंग. असा जोडला, की सुभेदारकाकांनासुद्धा कळलं नाही. दवाखान्यात होता हे दादानं कुणालाच सांगितलं नाही. फक्त मला माहीत, कारण दिवा मी धरला होता.

त्यानंतर आईनं त्या सुईसाठी घर डोक्यावर घेतलं. काज करायला तिला तीच लागायची. सुई हरवली म्हणजे कुणाच्या तरी पायात जाणार, या भीतीनं तिनं कानाकोपरा झाडला, गोधड्या उन्हात झटकल्या, आणि आम्ही दोघं सज्जन मांजरांसारखे भिंतीला टेकून बसलो होतो.

आमच्याकडे एका मोडक्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक होतं. शिशाला लोहचुंबक ओढत नाही, सुईला ओढतं. ते जवळ नेलं, की सगळ्या पलटणीत तो एकटा बिगुलवाला किंचित हलायचा, वळायचा, आणि अगदी जवळ नेलं तर पायानं चिकटायचा. "बघ, हुकूम ऐकतो," दादा म्हणायचा. हा आमचा दोघांचा खेळ. आई आतून आली, की लोहचुंबक खाटेखाली.

भरती झाल्यावर दादा एकदाच सुट्टीवर आला. परत जायच्या सकाळी बोचकं बांधून झालं, आईनं दिलेला चिवड्याचा डबा कोंबून झाला, आणि त्यानं फळीवरून बिगुलवाला उचलला.

"ह्यो माझ्यासंगं येतोय. रजेवर."

मी तेव्हा नियमांच्या बाबतीत सुभेदारकाकांपेक्षा कडक. म्हटलं, "मग परत कोण ठेवणार?"

"मीच की. माझ्याच हातानं."

त्यानं तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं. ते बटण आईनं आदल्या दिवशी घट्ट करून दिलं होतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली. मशीनच्या पायाखाली कुणाचा तरी हिरवा ब्लाउज अर्धा शिवलेला होता, तो तसाच राहिला; पुढे त्या बाईनंही मागितला नाही. दादाला घरी आणलं नाही. तिकडंच, सरहद्दीवरच, सगळं उरकलं. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही याचं दुःख काय असतं, ते मी आईकडे बघून शिकले. ती रडायची, मग थांबायची, आणि जो कोणी भेटायला येईल त्याला एकच विचारायची, "एकटंच गेलं का वो माझं लेकरू? घरातलं काय हुतं का त्याच्यापाशी?" लोक काय सांगणार? कुणी म्हणायचं देव होता, कुणी म्हणायचं देश होता. आईला ते नको होतं. तिला घरातली एखादी वस्तू हवी होती, तिनं हाताळलेली, पुसलेली. ती जेवेनाशी झाली. मशीनवर बसायची आणि दोरा न ओवताच पाय मारत राहायची.

मला माहीत होतं, बिगुलवाला होता. पण माहीत असणं म्हणजे काय? मी सुभेदारकाकांना विचारत राहिले, "त्याची ट्रंक येणार ना? ट्रंकेत बिगुलवाला असेल ना?" ते म्हणायचे, "यील की. फौजेतली वस्तू हरवत न्हाई." असं म्हणताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

ट्रंक आली ती सुभेदारकाकांच्या पत्त्यावर, कारण आईकडे ते कामकाज बघणारं दुसरं कुणी नव्हतं. एके दुपारी ते टांग्यातून ती घेऊन आले. बरोबर अण्णा. महिन्याची त्यांची फेरी नुकतीच होऊन गेलेली, तरी आले होते. मला ते जरा विचित्र वाटलं. काळी ट्रंक, वर पांढऱ्या अक्षरांत दादाचा नंबर. आईनं एकेक कपडा काढून मांडीवर घेतला. घड्या मोडू नयेत म्हणून हळू हळू. एका सदऱ्याच्या खिशात काही जड लागलं. तिनं बटण काढलं आणि आतून बिगुलवाला निघाला.

आईनं तो पदरात घेतला. मला वाटलं, आता ती फुटणार. पण तिनं नुसता श्वास सोडला, लांब, ओझं खाली ठेवताना सोडतात तसा. म्हणाली, "खिशात हुता. हुतं म्हणजे कुणीतरी संगं." मग डोळे पुसून उठली. "बसा, भाकरी टाकते." आणि अण्णांकडे वळून, "तुमच्यापुरतं कांदालसणाबिगर करते, अण्णा." कितीतरी दिवसांनी आमची चूल नीट पेटली. अण्णा आमच्या घरी पहिल्यांदाच जेवले. मान खाली घालून.

बिगुलवाला देवघरात गेला. फळीवर नाही; देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी. आई रोज त्याला हळदीकुंकवाचं बोट लावायची. ती पुन्हा जेवायला लागली, शिवायला लागली. माझाही जीव भांड्यात पडला होता.

थोड्या दिवसांनी आई पाण्याला गेली होती. मी लोहचुंबक काढलं, सहज, जुन्या सवयीनं. दादाशी खेळावं तसं. बिगुलवाल्याजवळ नेलं. तो हलला नाही. टेकवलं, घासलं, उलटा करून पायाला लावलं. काही नाही. टोपीच्या कडेचा उडालेला रंग तसाच होता, कोपरावरचा ओरखडा तसाच होता, सगळं जिथल्या तिथं होतं. पायात सुई नव्हती.

कुणी केलं असेल हे कळायला मला वेळ लागला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नकली माल खरा म्हणून दाखवणाऱ्याला ओसरीवरून उठवणारे सुभेदारकाका, आणि हे? दादाच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला त्यांनी. मी ठरवलं, आई आली की सांगायचं. आई आली. कळशी उतरवली, पदरानं कपाळ पुसलं, देवघराकडे बघितलं आणि त्या बिगुलवाल्याला म्हणाली, "तान लागली का रं?" त्याच्यापुढची वाटी भरली. मी लोहचुंबक परकराच्या ओच्यात लपवलं. आजतागायत मी तिला सांगितलं नाही असं म्हणू नये, कारण सांगायला ती आता नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सुभेदारकाका मला सांगलीला घेऊन गेले. अण्णांचं दुकान हळदीच्या पेठेत, माडीवर घर. माडीवरच्या काचेच्या कपाटात त्यांची पलटण. वाजवणारे सगळे ओळीनं उभे होते, ढोलवाला, पावेवाले, झांजवाला, आणि मध्ये एक गोल जागा मोकळी. जिथं दुसरा बिगुलवाला असायचा तिथं. मी त्या जागेकडे बघत राहिले. अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिलेले मला वासावरून कळले.

"रजेवर गेलाय बाळ," ते म्हणाले.

"परत कधी येणार?"

"येईना का कवा. घाई न्हाई."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की टोपीच्या कडेचा रंग त्यांनी स्वतः, स्वतःच्या पिवळ्या नखानं खरवडला असणार. ज्या माणसानं त्या शिपायावर कधी धूळ बसू दिली नाही, त्यानं कोपरावर ओरखडा मारला असणार, आठवून आठवून, दादाच्यासारखा. राग तिथंच गेला. त्यांनी मला आमरस वाढला आणि मी वाटीत बघत जेवले. खरं म्हणजे मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण मग कळलं असतं, की मला कळलंय.

दोनअडीच वर्षांनी शिराळ्याकडचा एक जवान आमच्या दारात आला. एक पाय ओढत चालायचा. दादाच्या तुकडीतला. जखमी होऊन बरेच महिने पुण्याच्या इस्पितळात होता, मग गावी. "आधीच यायला पायजे हुतं," तो उंबऱ्यातच म्हणाला, "पर हिंमत हुईना." आईनं त्याला खाटेवर बसवलं, चहा ठेवला, आणि दादा काय खायचा, कुठे झोपायचा, थंडीत काय पांघरायचा ते विचारत राहिली. तो सांगत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. काहीतरी मोठं सांगायचं मनाशी जुळवून आलेला माणूस कसा बसतो, तसा तो बसला होता. शेवटी त्यानं कप खाली ठेवला आणि हात सदऱ्याच्या खिशाकडे नेला.

"मावशी, तुमची एक वस्तू..."

"थांब रं, तुला दावते," आई म्हणाली. तिनं त्याचं ऐकलंच नव्हतं. देवघरातून बिगुलवाला आणून तिनं त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्ये त्याच्या खिशात हुतं. शेवटपतुर हुतं. एवढ्यावरच जगले बघ मी."

त्याचा दुसरा हात खिशावर तसाच थांबला. खिशात त्याच उंचीचं काहीतरी होतं, मला कापडावरून दिसत होतं. तो हातातल्या शिपायाकडे बघत होता, मग आईकडे, मग माझ्याकडे. हात जोडणंही सुचेना. मी नुसती मान हलवली. हो की नाही, तेही मला सांगता येणार नाही.

"व्हय मावशी," तो म्हणाला. "खिशातच हुतं. सारखा काढून बघायचा."

आईनं त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

एसटी स्टँडपर्यंत मी त्याला सोडायला गेले. कोपरा वळल्यावर त्यानं रुमाल काढला, त्यात बिगुलवाला. डगल्याचा रंग जवळजवळ गेलेला, बिगुल वाकलेला. म्हणाला, पुढं जायच्या आधी दादानं तो त्याच्याकडे दिला होता. "म्हनला, माझ्यापाशी पडंल. तू ठिव, परत आलो की दे, मला माझ्याच हातानं घरी ठिवायचाय. मी ठिवून घेतला गड्याचा. माझ्यापाशी ऱ्हायला, म्हणून त्याच्यापाशी काय ऱ्हायलं न्हाई बघ." भर रस्त्यात, मोठा मिशीवाला माणूस रडत होता. मी त्याला सांगितलं, की तुम्ही आज आईला वाचवलंत. ते खरंच होतं. पण एसटी गेली, आणि मी मोटारींच्या धुरात उभी राहून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले: म्हणजे एकटाच गेला.

घरी येऊन लोहचुंबक लावलं. बिगुलवाला वळला, सरकला आणि पायानं चिकटला. हुकूम ऐकला त्यानं. मी तोंडात ओढणी कोंबून रडले.

फळीवरची त्याची जागा तेव्हाही मोकळीच होती. आई फळी पुसताना तेवढी जागासुद्धा पुसायची. मी त्याला तिथं उभा करू शकले असते. आई नजरेनं अधू व्हायला लागली होती, तिच्या लक्षातही आलं नसतं कदाचित. पण नेला होता दादानं. ठेवायचा हातही त्याचाच. मी त्याला चिंधीत गुंडाळून माझ्या कंपासपेटीत ठेवलं, आणि अजून तो तसाच आहे. फक्त पेटी बदलली.

सुभेदारकाका पुढे मेढ्याला राहायला गेले, ओसरीवरचे पाट उठले, पलटण आपोआप मोडली. अण्णांनी कधी त्यांचा शिपाई परत मागितला नाही.

तो जवान येऊन गेला त्याच वर्षीची गोष्ट. आई दारात उजेडाला बसून काज करत होती आणि सुई जाड पडत होती. वैतागून म्हणाली, "ती बारीक सुई लय चांगली हुती बघ. तसली पुन्ना गावलीच न्हाई. कुठं घातली तुमी कुणास ठावं."

मी अभ्यास करत होते. कंपासपेटी माझ्या मांडीजवळ होती.

"दादाकडे आहे ती," मी म्हटलं.

आईचा हात थांबला. कशी गेली, तुला कसं माहीत, असं काही तिनं विचारलं नाही. तिनं रस्त्याकडे बघितलं. मग दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं.

"मग असू दे त्याच्यापाशी," ती म्हणाली. "फौजेत बटणं लय तुटत्यात." आणि जाड सुईतच दोरा ओवायला लागली.